नाशिकच्या नकाशात रंग भरणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नगररचना विभागातले अधिकारी, शहराचे आराखडे करणारे सल्लागार आणि सिंहस्थाच्या कामांची आखणी करणारे सर्वजण,
नाशिक.

स.न.वि.वि.

मागच्या महिन्यात मखमलाबाद शिवारातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेले होते. त्याची द्राक्षबाग आहे. चहा झाल्यावर त्याने कपाटातून विकास योजनेचा भाग नकाशा काढला, ओसरीवरच्या खाटेवर पसरला आणि एका ठिकाणी बोट ठेवून विचारलं, "मॅडम, आमच्या मळ्यावर हा पिवळा रंग कोणी टाकला?"

त्या नकाशात पिवळा म्हणजे घरांसाठी राखलेली जमीन. मी त्याला योजना मंजूर कशी होते ते सांगितलं. हरकती-सूचना, सुनावणी, राजपत्र, सगळं. त्याने मान डोलावली, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. घरी आल्यावर लक्षात आलं की मी त्याला अर्धंच उत्तर दिलंय. उरलेलं अर्धं उत्तर तुम्हाला उद्देशून लिहिते आहे, कारण रंगपेटी तुमच्या हातात आहे.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नागरी भूगोलाचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे होता. शहर म्हणजे काय, ते का वाढतं, कसं वाढतं, याबद्दल जगभरच्या विद्वानांनी काय काय मांडलं ते दरवर्षी जूनपासून फळ्यावर काढायचं आणि मार्चपर्यंत पुसायचं. इतकी वर्षं हे केल्यावर एक गोष्ट पक्की कळली. शहराचा प्रत्येक सिद्धान्त कुठल्या तरी एका शहराकडे बघून सुचलेला असतो. तो मागे पडतो, पुस्तकात त्याच्यावर टीका छापून येते, नवा सिद्धान्त येतो. पण जुना सिद्धान्त तोवर कायद्यात, नियमावलीत आणि नकाशाच्या रंगांत जाऊन बसलेला असतो. तिथून त्याला कोणी उठवत नाही.

तो पिवळा रंग त्यातलाच आहे. घरं एका जागी, कारखाने दुसऱ्या जागी, बाजार तिसऱ्या जागी, अशी जमीन वाटून टाकायची पद्धत जर्मनीतल्या शहरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केली. न्यूयॉर्कने 1916 मध्ये तिचा कायदा केला. धुराड्यांखाली माणसं खोकून मरत होती, त्या काळात ती दयेची गोष्ट होती. मग 1933 च्या उन्हाळ्यात मार्सेयहून अथेन्सला निघालेल्या एका बोटीवर आधुनिक वास्तुरचनाकारांची परिषद भरली आणि शहराची चार कामं ठरली: राहणं, कमावणं, विरंगुळा आणि ये-जा. प्रत्येकाला वेगळी जागा. ल कॉर्बुझिए यांनी 1943 मध्ये तो जाहीरनामा छापला आणि पुढे चंदीगड उभारताना तो आपल्या देशात आणला. आपल्या नकाशात घरांना पिवळा, व्यापाराला निळा, कारखान्यांना जांभळा आणि उद्यानांना हिरवा रंग देताना आपण अजून तीच चार खणांची पेटी वापरतो. माझ्या विद्यार्थ्याच्या मळ्यात घर आहे, काम आहे, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट आहे आणि द्राक्षं भरायला येणाऱ्या ट्रकचा रस्ता आहे. चारही कामं एकाच सातबाऱ्यावर. त्याला कुठला रंग द्यायचा, याचं उत्तर त्या पेटीत नाही.

1987 साली वर्गात बर्जेसची वर्तुळं शिकवत होते. शिकागोच्या अर्नेस्ट बर्जेसने 1925 मध्ये मांडलं होतं की शहर पाण्यातल्या तरंगासारखं मधून बाहेर पसरतं. मध्ये व्यापार, त्याला लागून पडझड झालेली घरं आणि नव्याने आलेले स्थलांतरित, मग कामगार, मग मध्यमवर्ग, सगळ्यात बाहेर रोज ये-जा करणारे सुखवस्तू. आकृती फळ्यावर फार सुरेख येते. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्या नाशिकची वर्तुळं दाखवा ना." ती भद्रकालीतून यायची.

मी वर्गाला ट्रेसिंग पेपर वाटले. पुढचे सात-आठ रविवार आम्ही शहर पायी फिरलो. कोण कुठे राहतं, कुठे कामाला जातं, पाणी कुठून येतं, जमीन उंच की सखल, एकेका कागदावर एकेक गोष्ट. वर्तुळं काही जमेनात. मध्यभागी रविवार कारंजा, सराफ बाजार, बोहरपट्टी हा व्यापार होता, हे खरं. पण त्याच गल्ल्यांत वाड्यांच्या माडीवर पिढ्यान् पिढ्या राहणारी सुखवस्तू घरं होती आणि खाली तांबट आळीत दिवसभर हातोड्यांचा ठणठणाट होता. सातपूर आणि अंबडचे कामगार बर्जेसच्या तिसऱ्या वर्तुळात नव्हते, ते थेट सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या वसाहतीत होते. बंगले गंगापूर रोड आणि कॉलेज रोडच्या कडेने पश्चिमेला लांबच लांब गेलेले, एखाद्या पंख्याच्या पात्यासारखे. शहर पाचरींनी वाढतं, या होमर हॉइटच्या 1939 च्या मांडणीशी हे जास्त जुळत होतं. आणि नाशिक रोड? तिथे रेल्वे आली, 1920 च्या दशकात छापखाने आले, ते तर वेगळंच गाव. पलीकडे देवळाली कॅम्प. नदीपल्याड पंचवटी. म्हणजे हॅरिस आणि उलमन या भूगोलज्ञांनी 1945 मध्ये म्हटल्याप्रमाणे अनेक केंद्रं. त्यांना जोडायला 1889 मध्ये मेन रोडपासून नाशिक रोड स्टेशनपर्यंत ट्राम धावू लागली होती, आधी घोड्यांची. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली.

त्या मुलीने शेवटच्या रविवारी जे म्हटलं ते माझ्या वहीत टिपलेलं आहे: "शिकागो चाळीस वर्षांत वाढलं, आपलं गाव दोन हजार वर्षांचं आहे, मग आकृती तीच कशी येईल?"

शिकागो 1890 मध्ये दहा लाखांचं होतं आणि 1930 मध्ये तेहतीस लाखांच्या पुढे गेलं. पोलंडहून, इटलीहून, अमेरिकेच्या दक्षिणेतून माणसं येऊन थडकत होती. बर्जेसने जे पाहिलं ते त्याने प्रामाणिकपणे काढलं. चूक झाली ती पुढे, एका शहराच्या एका दशकाचं चित्र सगळ्या जगाचा नियम म्हणून शिकवलं गेलं तेव्हा. ती चूक करणाऱ्यांत मीही होते.

आता त्या मुलीच्या दोन हजार वर्षांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते. आराखड्याच्या प्रस्तावनेत 'नाशिक हे प्राचीन शहर आहे' एवढं एक वाक्य असतं आणि त्यानंतर लगेच लोकसंख्येचे तक्ते सुरू होतात, म्हणून.

गोदेच्या काठावर काझीची गढी आहे. मातीचा तो उंचवटा म्हणजे माणसांनी एकावर एक घरं बांधून रचलेला ढीग आहे. 1950-51 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि खाली ताम्रपाषाण काळापर्यंतचे थर मिळाले. योगायोग असा की 1950 मध्येच गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने 'नागरी क्रांती' या विषयावरचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला. शहर कशाला म्हणायचं याच्या दहा खुणा त्याने दिल्या: दाट वस्ती, शेती न करणारे कारागीर, साठवलेलं धान्य, मोठ्या वास्तू, लेखन, दूरचा व्यापार वगैरे. आम्ही त्या खुणा पाठ करायचो. पण नाशिकला त्यांतली सगळ्यात बोलकी खूण पांडवलेण्यांत दगडावर कोरलेली आहे.

दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले, पण रोख हातात दिले नाहीत. गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेव म्हणून ठेवले: 2,000 दरमहा शेकडा एक व्याजाने, 1,000 शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांचं व्याज महिन्याला वीस, वर्षाला 240. लेण्यात वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला मुक्काम, करणारे भिक्षू वीस, प्रत्येकाला कपड्यासाठी बारा कार्षापण. हिशोब पैपर्यंत जुळतो. आणि लेखाच्या शेवटी म्हटलंय की हे सारं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे दप्तरी नोंदवलं. त्याच लेण्यातल्या पुढच्या काळच्या एका लेखात कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे यांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी आहेत.

थोडा विचार करा. विणकर ठेवी घेतात, त्यावर व्याज देतात, त्यांच्यावर राजाच्या जावयाचा विश्वास आहे आणि नगराची सभा साक्षीला बसते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरच्या निधनानंतर 1921 मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या निबंधात असं मांडलं आहे की पौर्वात्य देशांत मोठाली शहरं होती, पण नागरिकांचा असा एकजीव समाज, आपलं आपण ठरवणारी नगरसंस्था, तिथे नीट उभी राहिली नाही. भारतात जात आडवी आली, असं त्याचं म्हणणं. निगमसभेचा हा लेख वेबरला पूर्ण उत्तर देतो असं मी म्हणणार नाही. पण या मातीत नगराची सभा आणि दप्तर होतं, एवढं तो निश्चित सांगतो.

वेबरच्या म्हणण्याचा दुसरा अर्धा भाग मात्र आपल्याला झोंबायला हवा. जात आडवी येते की नाही याचा निकाल या शहरात एका दाराशी लागत होता. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षं चालवला. दारं बंद राहिली. 1935 च्या ऑक्टोबरात इथून जवळच येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. पुस्तकांत हा धर्माचा आणि समाजसुधारणेचा इतिहास म्हणून येतो. मी तो नागरी भूगोलाच्या तासाला शिकवायचे. पॅरिसच्या आंरी लेफेव्र या विचारवंताने 1968 मध्ये 'शहरावरचा हक्क' ही कल्पना मांडली आणि जगभर तिची वाहवा झाली. शहर त्याच्या जमिनीच्या मालकांचं नसतं, ते वापरणाऱ्या आणि घडवणाऱ्या सगळ्यांचं असतं, रस्ता, चौक, पाणवठा, देऊळ यांत पाऊल टाकण्याचा आणि ते कसं असावं हे ठरवण्याचा हक्क सर्वांना आहे, असा तिचा गाभा. पंचवटीत हजारो माणसं ते मागत उभी होती, लेफेव्रच्या अडतीस वर्षं आधी. ज्ञानाचा उगम पॅरिसला आणि आपल्याकडे फक्त उदाहरणं, असं मानून मुलांना शिकवणं मला कधी जमलं नाही.

नाशिकला जन्मलेले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीही 1924 च्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातली जुनी शहरं तीन कारणांनी उभी राहिली असं दाखवलं होतं: तीर्थ, राजधानी किंवा दरबार, आणि व्यापारी मार्गावरचं ठाणं. युरोपात कारखान्यांनी शहरं जन्माला घातली, आपल्याकडे ती त्याआधीची आहेत आणि इंग्रजी अमलात त्यातल्या कितींची हस्तकला मोडली, हा त्यांचा मुद्दा. नाशिकमध्ये तिन्ही कारणं एकावर एक चढलेली आहेत. त्यावर चौथा थर कारखान्यांचा.

आता काझीच्या गढीकडे परत येते. त्या मातीच्या कडेवर आज गरीब कुटुंबं राहतात. पावसाळा आला की माती सुटते, घरं रिकामी करण्याच्या नोटिसा जातात, पाऊस सरला की सगळे विसरतात. शहरातली सगळ्यात जुनी वस्ती आणि सगळ्यात धोक्यातली वस्ती एकच आहे. अशा जागेचं काय करायचं, यावर शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने फार खोल विचार केला होता आणि तो आपल्याच विद्यापीठात शिकवून गेला.

पॅट्रिक गेडीस. मूळचा जीवशास्त्रज्ञ, स्कॉटलंडचा. 1914 मध्ये हिंदुस्थानात आला, पुढच्या काही वर्षांत त्याने इथल्या पन्नासेक शहरांचे अहवाल लिहिले आणि 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्या काळी प्लेगच्या धास्तीने मुंबईत 1898 ला सुधार मंडळ स्थापन झालं होतं आणि दाट वस्त्या सरळ रेषेत पाडून रुंद रस्ते काढणं हीच सुधारणा समजली जात होती. गेडीसने विचारलं, पाडलेल्या घरांतली माणसं गेली कुठे? ती शेजारच्या गल्लीत दाटीवाटीने शिरली, म्हणजे रोग नुसता सरकला. त्याचा उपाय डॉक्टरसारखा होता. आधी निदान, मग औषध. गल्ल्या पायी फिरायच्या, प्रत्येक विहीर, प्रत्येक झाड, प्रत्येक पडकं घर टिपायचं आणि जिथे अगदीच गरज आहे तिथे एखादं घर काढून छोटं अंगण मोकळं करायचं. बाकीचं राखायचं. त्याला तो राखून केलेली शस्त्रक्रिया म्हणायचा.

इंदूरची गोष्ट मला फार आवडते. गावात प्लेग आणि माणसं सरकारी नकाशेवाल्याला भ्यायलेली. गेडीसने दरबाराकडून दिवाळीची मिरवणूक हाती घेतली आणि जाहीर केलं की यंदा मिरवणूक ठरलेल्या रस्त्यांनी जाणार नाही, ज्या भागातली घरं सर्वांत नीट साफ आणि दुरुस्त झालेली असतील त्या भागातून जाईल. गाव कामाला लागलं. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता, सफाई कामगार मानाने चालत होते. 1918 चा त्याचा इंदूरचा अहवाल आजही आपल्या नगररचनेतला मोलाचा दस्तऐवज आहे. काझीच्या गढीवर कोणीतरी गेडीससारखं एकेक घर, एकेक कुटुंब, मातीचा एकेक थर बघत बसावं, असं मला मनापासून वाटतं. संरक्षक भिंत कुठे लागेल, कुठली चार घरं खरोखर हलवावी लागतील, ती त्याच परिसरात कुठे बसतील आणि मातीखालचं नाशिक कसं राखता येईल, हे तेव्हाच कळेल. नोटीस काढून ते कळणार नाही.

मधल्या काळावर फार वेळ घालवत नाही. शहराभोवती हिरवा पट्टा राखणारी छोटी नगरं वसवायची, या इंग्लंडच्या एबेनेझर हॉवर्डच्या 1898 च्या उद्याननगरीची आपल्याकडे सोसायट्यांच्या नावात बाग उरली. आखीव वसाहतींचा कळस म्हणजे आपलं नवीन नाशिक. सिडकोने कामगारांसाठी छोटी घरं बांधली आणि ती खूप मोठी गोष्ट होती, कारण त्या घरांनी हजारो कुटुंबांना हक्काचं छप्पर दिलं. पण पुढे लोकांनी तिथे काय केलं ते बघा. ओट्यावर शिलाई मशीन आलं, पुढच्या खोलीत किराणा आला, वर माडी चढली, कोपऱ्यावर मिसळीची गाडी लागली. न्यूयॉर्कच्या जेन जेकब्सने 1961 मध्ये लिहिलं की जिथे दुकान, घर, शाळा, कारागीर एकमेकांत मिसळलेले असतात तो रस्ता जिवंत आणि सुरक्षित असतो, कारण त्याच्यावर दिवसभर कोणाची ना कोणाची नजर असते. सिडकोतल्या बायकांनी ते तिचं पुस्तक न वाचता करून दाखवलं. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मिश्र वापराला पूर्वीपेक्षा मोकळीक मिळाली आहे, हे मला माहीत आहे आणि त्याचं स्वागतच आहे. ती मोकळीक ओट्यावरच्या शिलाई मशीनपर्यंत पोचू द्या. आत्ता तिचा फायदा मुख्यतः मोठ्या प्लॉटवरच्या संकुलांना होताना दिसतो.

आता त्या पिवळ्या रंगाकडे.

योहान फॉन थ्यूनन या जर्मन जमीनदाराने 1826 मध्ये विचारलं होतं की शहराभोवती कोणतं पीक किती अंतरावर येतं. दूध आणि भाजीपाला अगदी लगत, कारण नासतो. मग लाकूडफाटा, मग धान्य, सगळ्यात लांब गुरं. वाहतूक बदलली तशी त्याची वर्तुळं ताणली गेली. रात्री नाशिकहून निघालेली भाजी पहाटे वाशीला उतरते, म्हणजे मखमलाबाद, गिरणारे, आडगाव हे दीडशे किलोमीटरवरच्या मुंबईचं पहिलं वर्तुळ आहेत. नाशिकची माणसंही 1975 पासून पंचवटी एक्स्प्रेसने त्याच मुंबईला अपडाऊन करतात. अशा मुलखाला गाव म्हणायचं की शहर?

जुने सिद्धान्त म्हणायचे की गाव शहराच्या वाटेवर आहे, थोडा धीर धरा, होईलच शहर. 1938 मध्ये लुई वर्थ या समाजशास्त्रज्ञाने शहरी जगणं म्हणजे आकार, दाटी आणि माणसांची विविधता असं सांगितलं, त्यात मळ्याला जागा नव्हती. पण टेरी मॅगी या भूगोलज्ञाने जावा आणि आसपासचा प्रदेश पाहिला आणि 1991 मध्ये त्याला एक नाव दिलं: देसाकोटा. तिथल्या भाषेत देसा म्हणजे गाव, कोटा म्हणजे शहर. दोन्ही शब्द मूळचे आपल्याकडचेच, देश आणि कोट. भातशेती, कारखाना, घर, बाजार, दुचाकीवरची ये-जा, सगळं एकाच पट्ट्यात दाटीने नांदतं आणि हा काही मधला टप्पा नाही, ते त्या मुलखाचं कायमचं रूप असू शकतं, असं त्याचं म्हणणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पॅक हाउसबाहेर उभ्या असलेल्या मखमलाबादच्या मुली आठवल्या. सकाळी द्राक्षं निवडायची, दुपारी कॉलेज.

स्मार्ट सिटीच्या यादीत नाशिक 2016 मध्ये आलं आणि नंतर मखमलाबाद-हनुमानवाडी शिवारात नगररचना योजनेची आखणी झाली. शेतकऱ्यांनी विरोध केला. ही पद्धत 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यापासूनची आहे: सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या, उरलेले आखीव प्लॉट मूळ मालकांना परत द्यायचे. पद्धत वाईट नाही. सक्तीच्या संपादनापेक्षा खूपच न्याय्य आहे. पण ती गृहीत धरते की जमीन म्हणजे प्लॉट. बागेत दहा-पंधरा वर्षांच्या वेली असतात, मांडव असतो, विहीर असते, ठिबकच्या नळ्या असतात, शेजाऱ्याशी पाण्याची पाळी ठरलेली असते. त्यातली कुठलीच गोष्ट अंतिम भूखंडाच्या चौकोनात परत मिळत नाही. शेतकऱ्यांना विकासविरोधी म्हणण्याआधी त्यांनी गमावायच्या गोष्टींची यादी करून बघा. आणि शहराच्या हद्दीतली पिकती बाग हा स्वतंत्र वापर म्हणून नकाशात दाखवा, कर आणि पाण्याच्या दरासकट, ज्यांना तशीच ठेवायची असेल त्यांच्यासाठी. रिकामी जमीन, अजून न बांधलेली जमीन, असं तिला समजू नका.

नदीबद्दल लिहिल्याशिवाय नाशिकबद्दलचं पत्र पुरं कसं होईल? आपल्याकडे पूर मोजायचं साधन गोदेच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, अशी बातमी घरोघर जाते आणि त्यावरून कोणी दुकान उचलायचं ते ठरतं. 1969 चा महापूर, 2008, 2016, 2019 चे पूर, सगळे त्या मूर्तीवर मोजलेले आहेत. आणि 1969 मध्येच अमेरिकेत इयन मॅकहार्गने आराखड्याची एक पद्धत लोकांसमोर ठेवली: उतार, माती, पाणी, झाडं, पूर यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे करायचे, एकावर एक ठेवायचे आणि जिथे निसर्ग आडवा येत नाही तिथेच बांधायचं. त्याआधीचा सिद्धान्त नदीला गटार समजायचा, सरळ करा, काठ बांधा, तळ पक्का करा. आपण गोदेच्या पात्रात काँक्रीट ओतलं तो त्याच जुन्या सिद्धान्ताने. ते काढा म्हणून नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. सरस्वती नाल्याचंही तेच. दहीपूल हे नाव रोज तोंडी आहे, खाली वाहणारं पाणी मात्र आपण झाकलं, म्हणून तासाभराच्या पावसात सराफ बाजारात दुकानांच्या पायऱ्या बुडतात.

आणि सिंहस्थ. एरवी पंधरा-वीस लाखांचं हे शहर पर्वणीच्या दिवशी अनेक पटींनी फुगतं आणि दोन दिवसांनी ओसरतं. जनगणना मुक्कामी माणूस मोजते. तीही 2011 नंतर झालेली नाही, तेव्हा आपण 14,86,053 होतो. येऊन जाणाऱ्या शहराचा विचार फार उशिरा सुरू झाला. 2013 च्या अलाहाबादच्या कुंभाचा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठाने केला, तेव्हा तात्पुरतं उभं राहून उकलून ठेवता येणारं शहर ही कल्पना ठळकपणे पुढे आली. तिथे पात्र रुंद, वाळवंट मोकळं. आपल्याकडे अरुंद पात्र, उतरत्या गल्ल्या. 27 ऑगस्ट 2003 ला पंचवटीतल्या अशाच उतारावर 39 भाविक चेंगरून गेले. त्या दिवशी मी गावातच होते. रुग्णवाहिकांचे आवाज थांबत नव्हते. म्हणून तुम्ही गर्दीसाठी जागा शोधता तेव्हा तुमची धास्ती मला कळते. पण तात्पुरत्या शहरासाठी कायमचं तोडायचं का, हा प्रश्न तपोवनातल्या झाडांच्या तोडीवरून लोकांनी विचारला, तो बरोबर आहे. तंबू झाडांमध्ये बसवता येतात. साधू-बैरागी शतकानुशतकं झाडांखालीच उतरत आलेत, त्या जागेचं नावच तपोवन आहे.

2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, 2,092 कोटी रुपये जाहीर झाले होते, त्या गाडीची आपण अजून वाट पाहतो आहोत. त्यावर जास्त लिहीत नाही. अलीकडच्या अभ्यासक, विशेषतः जेनिफर रॉबिन्सन, 2006 पासून सांगताहेत की शहरांची जागतिक आणि मागासलेली अशी उतरंड लावणंच चूक आहे, प्रत्येक शहर आपल्या जागी पुरेसं शहर असतं आणि त्याच्याकडून सिद्धान्त शिकायचा असतो. सिंगापूर करू, शांघाय करू, ही भाषा आपल्या भाषणांतून अजून गेलेली नाही, म्हणून ही आठवण.

1987 चे ते ट्रेसिंग पेपर माझ्याकडे आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, पण पेन्सिलच्या रेघा शाबूत आहेत. एका कागदावर विहिरी, एकावर झाडं, एकावर मुलांनी विचारून विचारून टिपलेली 1969 च्या पुराची रेषा, घरागणिक. काही ठिकाणी ती आजच्या सरकारी नकाशातल्या निळ्या पूररेषेशी जुळवून पाहायला हवी असं वाटतं.

दर रविवारी सकाळी साडेसहाला मी दुतोंड्या मारुतीपाशी असते. तिथून काझीच्या गढीपर्यंत जाऊन परत येते, तासभर लागतो. तुमचा ताजा भाग नकाशा घेऊन या, ट्रेसिंग पेपर मी आणते. मखमलाबादचा विद्यार्थीही येईन म्हणाला आहे.

आपली,
भूगोलाची एक निवृत्त प्राध्यापिका
जुने नाशिक